विद्यापीठांचा शेजारधर्म

शेजारधर्म हा आपल्या भाषेतला फार जुना शब्द आहे. शेजारी कोणी आजारी पडले तर धावून जावे, अडीअडचणीला वाटीभर साखर-पीठ द्यावे, हे कोणाला शाळेत शिकवावे लागत नाही. व्यक्तीला हा धर्म लागू असेल, तर संस्थेला का असू नये? विद्यापीठ ही ज्ञानाची संस्था. तिच्या कुंपणाला लागून ज्या वस्त्या उभ्या असतात, त्यांचे तिच्यावर काही ऋण आहे काय, आणि ते फेडायचे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या देशात हा विचार नवा नाही. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे औचित्य साधून २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी झाले होते. पुढे १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. अध्यापन आणि संशोधन यांच्याबरोबर विस्तारकार्य ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी असून तिला पहिल्या दोहोंइतकाच मान मिळाला पाहिजे, असे आयोगाने आपल्या धोरणात मांडले. विस्तारकार्य म्हणजे ज्ञान कुंपणाबाहेर नेणे. मात्र तेवढ्याने अर्थ पुरा होत नाही. बाहेरचे प्रश्न कुंपणाच्या आत आणणे हीदेखील त्याचीच दुसरी बाजू आहे.

या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास आपण लंडनला पोहोचतो. तेथील पूर्व भागातील व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीत सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने १८८४ साली टॉयन्बी हॉल उभारला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी गरिबांना दुरून दान न देता त्यांच्या शेजारी येऊन राहावे, ही त्यामागची कल्पना होती. ती पुढे अमेरिकेत गेली आणि तेथून मुंबईत आली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत 'नागपाडा नेबरहुड हाऊस' सुरू केले. १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था निघाली, ती याच घरात. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एखाद्या विद्यापीठाचा जन्मच शेजाऱ्यांसाठी बांधलेल्या घरात व्हावा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

या संस्थेचे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. १९५४ साली ती देवनारला आली आणि आमची शेजारीण झाली. १९७२च्या दुष्काळात माझे आजोबा जालना जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गोवंडीला नाल्याकाठी झोपडे बांधून राहिले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे विद्यापीठ नावाची वस्तू मी आधी बाहेरून पाहिली, आतून नंतर.

आमचा भाग महानगरपालिकेच्या 'एम पूर्व' विभागात मोडतो. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला येऊन पडतो. १९७१ पासून कत्तलखानाही तेथेच आहे. शहरातले रस्ते आणि रेल्वेमार्ग रुंद करताना ज्यांची घरे गेली, त्यांतील कितीतरी कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या इमारतींत आणून बसवले. २०११च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या आठ लाखांच्या वर भरली. त्यापूर्वी, २००९ साली, मुंबईचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यात शहराच्या २४ विभागांमध्ये आमचा क्रमांक शेवटचा लागला. निर्देशांक होता अवघा ०.०५. म्हणजे समाजविज्ञानाची एवढी मोठी संस्था आणि शहरातला सर्वांत मागासलेला विभाग हे एकमेकांचे सख्खे शेजारी होते!

अशा वस्तीत पाहणी करणाऱ्यांची वाण नसते. मी सहावीत असताना एका महाविद्यालयाचे विद्यार्थी आमच्या गल्लीत फॉर्म घेऊन आले होते. घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, शौचालय किती लांब, असे सारे विचारून झाले. माझ्या आजीने सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि शेवटी स्वतःचा एक प्रश्न विचारला, "बाई, समदं लिहून नेतीस, पर नळ कवा येनार ते सांग की." ती मुलगी हसली आणि पुढच्या घरी गेली. त्या पाहणीचे पुढे काय झाले, हे सांगायला कोणी परत आले नाही. माहिती आमची, पण ती कोणाच्या तरी प्रकल्पवहीत बंद झाली.

विस्तारकार्याची खरी कसोटी आजीच्या त्या प्रश्नात आहे, असे मला वाटते. विद्यापीठाची माणसे निघून गेल्यावर वस्तीत मागे काय राहते?

या कसोटीला उतरलेली दोन कामे येथे सांगण्यासारखी आहेत. पहिले काम म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. हुंडाबळींच्या बातम्यांनी समाज हादरला होता तो काळ. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. पण कायदा झाला तरी सासरी मार खाणारी बाई पोलीस चौकीची पायरी चढणार कशी? आणि चढलीच तर 'हा तुमचा घरगुती मामला' असे म्हणून तिला परत पाठवणार नाहीत कशावरून? टाटा संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस आयुक्तालयातच एक कक्ष उघडला आणि तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या. कार्यकर्ती आधी बाईचे म्हणणे पूर्ण ऐकून घेते. तिची इच्छा असेल तर सासरच्या मंडळींना बोलावते. स्त्रीधन परत मिळवणे, निवारा शोधणे, तक्रार नोंदवणे, वकिलाची मदत मिळवून देणे, यांपैकी जे लागेल ते करते. कक्ष पोलिसांच्याच जागेत असल्यामुळे तिच्या शब्दाला वजन येते आणि मारहाण हा घरगुती मामला नसून गुन्हा आहे, हे न बोलताच सर्वांना कळते. पुढे राज्य शासनाने हे काम स्वीकारले आणि असे कक्ष महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले. इतर काही राज्यांनीही ते उचलले.

दुसरे काम १०९८ या दूरध्वनी क्रमांकाचे. रस्त्यावर राहणाऱ्या मुलाला रात्री-बेरात्री मदत लागली तर त्याने कोणाला हाक मारायची, या प्रश्नातून १९९६ साली याच संस्थेत 'चाइल्डलाइन'चा प्रयोग सुरू झाला. जेरू बिलिमोरिया यांचा त्यात पुढाकार होता. पैसे न लागता लावता येईल आणि लहान मुलाच्याही ध्यानात राहील असा हा क्रमांक देशभर पसरला. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडे सोपवण्यात आली.

दोन्ही कामांत एक गोष्ट समान आहे. विद्यापीठाने प्रयोग केला, तो चिकाटीने चालवला, आणि सिद्ध झाल्यावर दुसऱ्याच्या हाती दिला. हे काम एखाद्या सरकारी खात्याला पहिल्याच दिवशी जमले नसते, कारण फसण्याची मुभा खात्याला नसते. केवळ सेवाभावी मंडळालाही ते कठीण गेले असते, कारण दरवर्षी नवे, शिकण्यास उत्सुक विद्यार्थी आणि अनुभव लिहून ठेवणारे अध्यापक त्याच्याजवळ नसतात. विद्यापीठाजवळ दोन्ही असतात. शेजाऱ्याला त्याने द्यावयाचे ते हेच.

आता आमच्या विभागाकडे वळू. संस्थेचे विद्यार्थी पूर्वीही क्षेत्रकार्यासाठी आमच्या वस्त्यांत येत असत. परंतु संपूर्ण 'एम पूर्व' विभाग हेच आपले कार्यक्षेत्र मानणारा प्रकल्प संस्थेने हाती घेतला तो २०११ साली, आपल्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने. म्हणजे देवनारला आल्यावर ५७ वर्षांनी! मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. दूरच्या माणसाचे दुःख पाहणे एक वेळ सोपे असते. रोज ज्याच्या दारावरून जातो त्याच्याकडे पाहणेच अवघड जाते. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपल्यासारख्या लहान महाविद्यालयांनी किती जागे राहिले पाहिजे!

आपल्या महाविद्यालयातही राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे आणि मी त्यात काम करते. वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचे शिबिर असा आपला हिशेब असतो. शिबिर शहराबाहेरच्या दत्तक गावी भरते. तेथे श्रमदान होते, पथनाट्य होते, मैत्री जुळते. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु महाविद्यालयाच्या फाटकापासून दहा मिनिटांवर जी वस्ती आहे, तिच्या वाट्याला आपली एखादी प्रभातफेरी किंवा स्वच्छतेचा एक दिवस येतो. गेल्या वर्षी तेथे आम्ही फॉर्म भरून घेतले, तेव्हा एका बाईंनी मला विचारले, "ताई, पुढच्या वर्षी तुम्हीच येणार का दुसरं कोणी?" प्रश्न आजीचाच होता, फक्त या वेळी फॉर्म माझ्या हातात होता.

म्हणून आपल्या प्राध्यापकांपुढे आणि मित्रमैत्रिणींपुढे मी तीन सूचना ठेवते. एक, या जवळच्या वस्तीशी निदान पाच वर्षांचे नाते जोडावे. विद्यार्थी बदलतील, पण नोंदवही एकच राहील. दोन, जी पाहणी करू तिचा निष्कर्ष सोप्या मराठीत लिहून त्याची प्रत वस्तीतील मंडळाकडे आणि महिला बचतगटाकडे द्यावी, म्हणजे पालिकेत अर्ज करताना ती त्यांच्या कामी येईल. तीन, रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती यांचे अर्ज भरण्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे ठरावीक जागी बसावे. यासाठी मोठा निधी नको. दोन बाके, एक टेबल आणि ठरलेल्या वेळी येणारी चार मुले पुरेत.

जूनमध्ये नवे पथक निवडले जाईल. त्या बाईंना उत्तर द्यायचे असेल, तर पहिल्याच बैठकीत आपण वार ठरवला पाहिजे. माझी गुरुवारची संध्याकाळ मोकळी आहे.