स्क्वेअर फुटाचा हिशेब

नानकरामगुडा, नरसिंगी, कोकापेट हा हैदराबादचा पश्चिम पट्टा. इथल्या एखाद्या मोठ्या संकुलाच्या आवारात सकाळी सातला टँकर शिरतो. ड्रायव्हर पाइप संपच्या तोंडाशी आणतो, पण वॉल्व्ह उघडण्याआधी पर्यवेक्षक बाटलीभर पाणी घेतो, त्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनाएवढा टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो. आकडा फार चढला तर गाडी परत. असं पाणी घेतलं तर सॉफ्टनरला मिठाची पोती जास्त लागणार आणि त्यांचे पैसे महिनाअखेरीस सगळ्यांच्या बिलात उतरणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गाडीचा नंबर, वेळ, लिटर असं सगळं वहीत चढतं. मग तो तळघरात जातो. जनरेटरचे तास, डिझेलची पातळी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला ब्लोअर चालू आहे की बंद, या नोंदी करतो.

हा सगळा खर्च वाटला जातो तो स्क्वेअर फुटावर, बहुतेक ठिकाणी सुपर बिल्टअप एरियावर, म्हणजे सामाईक जागेचा वाटा धरून. मुंबईच्या सोसायटीतून आलेल्या मराठी कुटुंबाला इथेच पहिला धक्का बसतो. तिकडे आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च प्रत्येक सदनिकेला सारखा, पाणीपट्टी नळांच्या हिशेबाने. इथे मात्र तीन बेडरूमवाला दोन बेडरूमवाल्यापेक्षा जास्त भरतो, मग घरात माणसं दोन असोत की सहा. महाराष्ट्रातही १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतींत खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणातच वाटायचा असतो. पुण्याच्या ट्रेझर पार्क प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तेच सांगितलं.

समुद्रावरही हीच पद्धत आहे. २००२ पासून फिरणाऱ्या ‘द वर्ल्ड’ या जहाजावर १६५ घरं आहेत, जहाज घरमालकांच्याच मालकीचं आहे. इंधन, खलाशी, बंदरांचं भाडं, दुरुस्ती हे सगळं घराच्या आकारानुसार वाटलं जातं. मालक वर्षातले काही महिनेच राहतात, पण घर बंद आहे म्हणून सूट मिळत नाही. कारण रिकाम्या घरासाठीही जहाज तरंगत ठेवावं लागतं. हैदराबादेत अमेरिकेला गेलेल्या मालकाचा बंद फ्लॅट असतोच, आणि ‘आम्ही राहतच नाही, मग का भरायचं?’ हा प्रश्न वार्षिक सभेत येतोच. लिफ्टचा वार्षिक करार, आग विझवण्याचे पंप, रात्रीचा पहारा हे बंद घरासाठीही चालूच असतात. तिथे स्क्वेअर फुटाचा नियम न्याय्यच आहे.

वापरानुसार बदलणाऱ्या विजेचा प्रश्न तंत्राने सोडवला आहे. अनेक संकुलांत घरोघरी दुहेरी मीटर असतात. मंडळाची वीज वेगळी मोजली जाते, जनरेटरची वेगळी. एक लिटर डिझेलमधून ढोबळमानाने तीन-साडेतीन युनिट वीज मिळते आणि डिझेल लिटरला ९५ रुपयांच्या आसपास, म्हणजे नुसत्या इंधनाचा खर्च युनिटला ३० रुपयांच्या घरात. वीज गेल्यावर एसी चालवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

करातही फुटाफुटाला महत्त्व येतं. समजा, देखभालीचा दर फुटाला महिना ४ रुपये. १,८०० फुटांच्या घराचे ७,२०० होतात. २,००० फुटांचे होतात ८,०००, आणि दरमहा ७,५०० ची मर्यादा ओलांडली की जीएसटी लागतो, अर्थात घरमालक संघाची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल तर. केंद्राच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार कर पूर्ण रकमेवर, १८ टक्क्यांनी १,४४० रुपये. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं, फक्त वरच्या ५०० वर. म्हणजे ९० रुपये. खजिनदारांची झोप उडवणारा फरक आहे हा.

पाण्याला मात्र स्क्वेअर फूट लावणं सरळ अन्याय आहे. या शहराला मुख्यतः पाणी देणाऱ्या तिन्ही नद्या महाराष्ट्रात उगम पावतात: मांजरा बीड जिल्ह्यात, कृष्णा महाबळेश्वरला, गोदावरी त्र्यंबकेश्वरला. कृष्णेचं पाणी नागार्जुनसागरहून शंभराहून अधिक किलोमीटर पंपाने खेचून आणावं लागतं. एवढ्या लांबून आलेलं पाणी एक घर गाड्या धुवायला उधळतं, दुसरं बादलीने जपून वापरतं, आणि त्याचं घर मोठं असेल तर बिल जपणाऱ्यालाच जास्त येतं. ज्या संकुलांनी घरोघरी पाण्याचे मीटर बसवले, तिथे निदान आपला वापर आपल्याला दिसतो.

म्हणून हैदराबादेत फ्लॅट बघायला जाल तेव्हा क्लबहाउस मागाहून बघा. आधी संघाच्या कार्यालयात बसा, गेल्या बारा महिन्यांचं टँकरचं आणि डिझेलचं रजिस्टर मागा, आणि घराला पाण्याचा स्वतंत्र मीटर आहे का ते विचारा.