तहानेआधीची विहीर

५ जून १९७२ रोजी पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात भाषणाला उभे राहिले. बरोबर २५ वर्षांपूर्वी, याच तारखेला, याच विद्यापीठात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी युद्धाने उद्‌ध्वस्त झालेल्या युरोपला मदत देऊ केली होती. त्या ऋणाची आठवण ठेवून जर्मनीतर्फे १५ कोटी मार्कांची देणगी ब्रांट यांनी जाहीर केली. वर्षाला एक कोटी, अशी १५ वर्षे. या पैशांतून ‘जर्मन मार्शल फंड ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही संस्था जन्माला आली. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या राजकारण्यांना, अर्थतज्ज्ञांना आणि अधिकाऱ्यांना एकमेकांसमोर बसवायचे, हे काम ती आज पन्नासहून अधिक वर्षे करत आहे.

या देणगीचे मोल कळायला मूळ मार्शल योजना नीट पाहावी लागते. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपात ओतले, एवढेच सहसा सांगितले जाते. मार्शल यांची अट मात्र मागे पडते. युरोपीय देशांनी आधी आपसात बसावे, कोणाला काय हवे ते मिळून ठरवावे आणि मगच मागणी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याप्रमाणे १९४७च्या उन्हाळ्यात १६ देशांचे प्रतिनिधी पॅरिसला जमले. या सहकार्यातून १९४८मध्ये जी संघटना उभी राहिली, तिचीच १९६१मध्ये ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) झाली.

पैसा फिरवण्याची रीतही मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. अमेरिकेहून गहू, कापूस, इंधन, यंत्रे येत. जर्मन खरेदीदार त्यांचे पैसे मार्कांत भरत आणि ते मार्क वेगळ्या खात्यात जमा होत. त्या खात्यातून वीजकेंद्रांना, खाणींना, कारखान्यांना कर्जे दिली जात. परतफेड झाली की तीच रक्कम पुढच्या गरजूच्या हाती जाई. हे काम १९४८मध्ये स्थापन झालेल्या केएफडब्ल्यू या बँकेकडे आले. म्हणजे एकदा आलेली मदत पुन्हा पुन्हा कामाला लागली. पुढे देणगी देण्याची वेळ आली, तेव्हा जर्मनीने हाच धडा गिरवला: पैसा अशा ठिकाणी ठेवायचा, जिथून तो काम करत राहील.

या देणगीच्या कल्पनेचा पाठपुरावा केला तो गिडो गोल्डमन या हार्वर्डमधल्या तरुण अभ्यासकाने. त्यांचे कुटुंब ज्यू. १९३७मध्ये झुरिकला जन्मलेले गिडो लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले. वडील नाहुम गोल्डमन यांनी नाझी अत्याचारांच्या भरपाईसाठी जर्मनीशी वाटाघाटी केल्या होत्या. १९५२चा लक्झेंबर्ग करार हे त्यांचे फळ. बापाने जर्मनीकडून भरपाई मिळवली आणि मुलाने त्याच जर्मनीला संवादासाठी हात सैल सोडायला लावला. हा प्रवास एका घरात, वीस वर्षांत घडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

वेळही नेमकी होती. ऑगस्ट १९७१मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. युरोपच्या राजधान्यांना धक्का बसला. युरोपातले निम्मे सैन्य माघारी आणावे, असा ठराव अमेरिकी सेनेटमध्ये त्याच वर्षी आला आणि फेटाळला गेला. व्हिएतनाम युद्धावरून युरोपचे विद्यार्थी रस्त्यावर होते. युद्ध आणि पुनर्बांधणी एकत्र पाहिलेली पिढी निवृत्त होत होती. ब्रांट यांनी हे ओळखले. पैसे जर्मनीचे, पण संस्था अमेरिकी. आणि तिच्या कामात जर्मन सरकारने लुडबुड करायची नाही, हे त्यांनी मान्य केले. देणारा बाजूला झाला, म्हणूनच घेणाऱ्याला मोकळेपणी बोलता आले.

संस्थेचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम म्हणजे १९८२मध्ये सुरू झालेली मार्शल मेमोरियल फेलोशिप. यात नावारूपाला आलेले नेते घेत नाहीत. पुढे येतील असे तरुण हेरतात. नगरसेवक, पत्रकार, अधिकारी, उद्योजक. युरोपातले अमेरिकेत जातात, अमेरिकेतले युरोपात. दौरा काही आठवड्यांचा, तुकडी छोटी, आणि मुक्काम फक्त राजधानीत नाही. वॉशिंग्टनच्या कचेऱ्या पाहून झाल्यावर पाहुणे लहान गावांत, आतल्या राज्यांत जातात. तिथे महापौर, शेतकरी, कामगार, शाळामास्तर भेटतात. आपल्या आयात शुल्काचा किंवा शेती अनुदानाचा दुसऱ्या टोकाच्या संसारावर काय परिणाम होतो, हे समोरासमोर ऐकावे लागते. पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले इमॅन्युएल मॅक्राँ सरकारी सेवेतले तरुण अधिकारी असताना याच वाटेने अमेरिका फिरून आले.

संस्थेने चर्चेला अभ्यासाची जोडही दिली. १९८१मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय अर्थकारणाची एक अभ्याससंस्था तिच्या पाठबळावर सुरू झाली. आज ती पीटरसन इन्स्टिट्यूट म्हणून जगभर ओळखली जाते. युगोस्लाव्हियातल्या यादवीनंतर, २००३मध्ये, जर्मन मार्शल फंडाने बेलग्रेडहून बाल्कन देशांतल्या छोट्या नागरी संस्थांना अनुदाने देण्याचे काम हाती घेतले.

एवढे होऊनही भांडणे थांबली नाहीत. २०१३मध्ये सुरू झालेल्या अमेरिका-युरोप व्यापार कराराच्या वाटाघाटी तडीस गेल्या नाहीत. २०१८मध्ये अमेरिकेने युरोपच्या पोलादावर २५ टक्के शुल्क लावले. जुलै २०२५मध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीत झालेल्या समझोत्यात बहुतेक युरोपीय मालावर १५ टक्के शुल्क मान्य करावे लागले. मग या बैठका, हे दौरे कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. शिवाय अशा संवादात शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या वर्गाचाच वरचष्मा राहतो, हा आक्षेपही खरा आहे.

माझे उत्तर असे. संवादाने हितसंबंध पुसले जात नाहीत. पण वाद पेटल्यावर कोणाला फोन करायचा आणि समोरच्याचा ‘नाही’ कितपत पक्का आहे, हे आधीच्या ओळखीमुळे कळते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, आणि खणलेल्या विहिरीतला गाळही वेळोवेळी काढावा लागतो. १९७२मध्ये ब्रांट यांनी निक्सन यांचे धोरण बदलण्याची वाट पाहिली नाही; संबंध ताणलेले असतानाच पैसे दिले. आज शुल्कांची भाषा पुन्हा चढ्या आवाजात बोलली जात असताना अशा संस्थांचे हात आखडणे परवडणारे नाही. उलट, त्यांनी आपले दरवाजे ज्यांचे कारखाने बंद पडले, ज्यांच्या शेतमालाचे भाव पडले, त्यांच्यासाठी अधिक उघडले पाहिजेत. पुढचे करार टिकायचे असतील, तर त्यांची झळ सोसणारा माणूस वाटाघाटींच्या टेबलाशी बसलेला हवा.