वाय-फाय जोडलेले, पण काम बंद : अँटिव्हायरसचा अडथळा कसा ओळखावा?

माल गाडीत भरून तयार आहे, गाडीवाला घाई करतो आहे आणि ई-वे बिल निघत नाही. ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवताना १ एप्रिल २०१८ पासून हे बिल सक्तीचे आहे. लॅपटॉपवर वाय-फाय जोडल्याची खूण दिसते, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी शेजारचा दुकानदार हमखास सांगतो, "अँटिव्हायरस काढून टाका, चालू होईल." हा सल्ला कधी कधी बरोबर ठरतो. पण तो अर्धवट अमलात आणला तर दुकानाचे सारे हिशेबच धोक्यात येतात. म्हणून या तक्रारीचे मूळ आणि तिचा इलाज आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

असे का होते?

पूर्वी अँटिव्हायरस फक्त फ्लॉपी आणि फाइली तपासत असे. आता बहुतेक व्हायरस इंटरनेटवरून येतात. त्यामुळे तो वाय-फाय आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधल्या वाटेवर चौकी बसवतो आणि येणारी-जाणारी सर्व माहिती तपासतो. दुसरीकडे वाय-फाय चालवणारे सॉफ्टवेअरही वेगळे असते. एक वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर, दुसरी विंडोजची स्वतःची सेवा, आणि काही जुन्या लॅपटॉपवर तिसरा, कंपनीने दिलेला वाय-फायचा प्रोग्रॅम.

यांतील एखादा भाग बदलला की चौकीचा मेळ बिघडतो. विंडोज नवी झाली पण अँटिव्हायरस जुनाच राहिला, जुना अँटिव्हायरस काढला पण त्याची चौकी मागे राहिली, किंवा एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस बसवले, ही नेहमीची कारणे. पहारेकरी स्वतःच कसा अडथळा होतो, हे २१ एप्रिल २०१० रोजी जगाने पाहिले. मॅकॅफीच्या त्या दिवसाच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधील एक आवश्यक फाइल व्हायरस समजून अडवली. अनेक संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्कही तुटले.

आधी तपास, मग इलाज

१) तेच वाय-फाय मोबाईलवर लावून पाहावे. तेथेही चालत नसेल तर दोष राऊटरचा किंवा इंटरनेट कंपनीचा आहे. अँटिव्हायरसला हात लावू नये.

२) मोबाईलवर चालत असेल तर मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट द्यावे. असे काम चालले तर संशय वाय-फायच्या ड्रायव्हरवर जातो. मोबाईलवर इंटरनेट असूनही लॉपटॉपवर पान उघडले नाही, तर चौकीवर संशय घेण्यास जागा आहे. घाईच्या वेळी ई-वे बिल सरळ मोबाईलवरून काढून गाडी सोडावी आणि दुरुस्ती मागाहून करावी.

३) इंटरनेट चालते, पण वाय-फायवरचा प्रिंटर किंवा दुसऱ्या संगणकावरील हिशेब दिसत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा फायरवॉलने दुकानाचे वाय-फाय परके मानले आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ते 'पब्लिक' ऐवजी 'प्रायव्हेट' करावे. अँटिव्हायरसची स्वतंत्र फायरवॉल असेल तर तेथेही ते विश्वासाचे म्हणून नोंदवावे. हे फक्त आपल्या दुकानाच्या वाय-फायसाठी करावे, स्टेशन किंवा हॉटेलातील वाय-फायसाठी कधीही नाही.

४) त्यानंतर अँटिव्हायरसची फायरवॉल तेवढी दहा मिनिटे थांबवून पाहावी. त्या वेळात ई-मेल उघडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये. फरक पडला तर दोष फायरवॉलच्या सेटिंगमध्ये आहे. फरक पडला नाही तरी अँटिव्हायरस निर्दोष ठरत नाही, कारण तो थांबवला तरी त्याची चौकी जागेवरच असते.

काढायचाच असेल तर

काढण्यापूर्वी तीन गोष्टी हाताशी ठेवाव्यात : अँटिव्हायरसची की, हिशेबाची ताजी नक्कल, आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलेला वाय-फायचा नवा ड्रायव्हर. नेहमीच्या पद्धतीने काढल्यावर काही भाग मागे राहतात. म्हणून अँटिव्हायरस कंपन्या स्वतःचा काढणारा प्रोग्रॅम देतात, तो चालवून संगणक पुन्हा सुरू करावा. आता विंडोज १० किंवा ११ मधील डिफेंडर आपोआप पहाऱ्यावर येतो. तो खरोखर चालू झाला का, हे 'विंडोज सिक्युरिटी'त पाहून घ्यावे.

वाय-फाय सुरू झाले तर अँटिव्हायरसची नवीनतम आवृत्तीच परत बसवावी. नाही झाले तर नवा ड्रायव्हर टाकावा. तरीही अडले तर शेवटचा उपाय 'नेटवर्क रिसेट'. त्याने वाय-फायचे जपलेले पासवर्ड पुसले जातात, तेव्हा ते आधी वहीत लिहून घ्यावेत.

दोन पहारेकरी नकोत, शून्यही नको

दोन अँटिव्हायरस बसवले म्हणजे दुप्पट सुरक्षा, हा गैरसमज आहे. दोघे एकमेकांनाच अडवतात आणि संगणक मंदावतो. एकच ठेवावा, पण तो चालू ठेवावा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने अनेक देशांतील संगणकांवरील फाइलींना कुलूप लावून पैसे मागितले. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर नेटवर्कमधूनच पसरत होता. त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते संगणक त्याच्या तावडीत सापडले.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा धंदा पुष्कळदा उधारीवर चालतो. कोणाकडे किती येणे, कारागिराची मजुरी किती देणे, हे सारे त्या एका लॅपटॉपमध्ये असते. फाइलींना कुलूप लागले तर देणेकऱ्यांना आणि येणेकऱ्यांना काय दाखवणार? वाय-फाय अर्धा दिवस बंद राहिले तर अर्ध्या दिवसाचे नुकसान होते. हिशेब गेला तर लोकांचा आपल्यावरचा इतबार जातो.

म्हणून दर आठवड्याला हिशेबाची नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून अलग ठेवावा. संगणकात कोणता बदल कोणत्या तारखेला केला, हे वहीत टिपावे. दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले तर प्रथम तीच वही दाखवावी, आणि तो जाण्यापूर्वी अँटिव्हायरस पुन्हा चालू झाला आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.