फोर्कलिफ्टची बॅटरी: अर्धवट खऱ्या समजुती

बॅटरीवरची फोर्कलिफ्ट धूर सोडत नाही, म्हणून बंद गोडाऊनमध्ये ती डिझेलपेक्षा बरी. इथवर ठीक. पण तिच्यातून काहीच निघत नाही, हे खरं नाही. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होत आली की सेलमधल्या पाण्याचं विघटन होतं, बुडबुडे येतात आणि हायड्रोजन बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. चार्जिंगच्या जागी नाकाला झोंबतो तो ॲसिडचा बारीक तुषार. त्यामुळे ‘वास नाही म्हणजे गॅस नाही’ हा हिशेब चुकतो. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे 14 पट हलका, थेट छताच्या पत्र्याखाली जाऊन साचतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून खालची खिडकी उघडून भागत नाही, वाट वरून हवी. आणि चार्जर चालू असताना प्लग ओढायचा नाही, आधी स्विच बंद. ठिणगी नेमकी तिथेच पडते.

‘48 व्होल्टनं काय होतंय?’ शॉक सहसा बसत नाही, मान्य. पण पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर करंट धावतो आणि क्षणात पाना लालभडक होतो. त्या जागी बोटातली अंगठी असेल तर बोटाचं काय होईल? कामाला हात लावण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवलंच पाहिजे.

‘बॅटरीचं पाणी’ हा शब्दच घात करतो. ते पाणी नव्हे. चार्ज झालेल्या बॅटरीतल्या या द्रवात वजनानं एक तृतीयांशाहून जास्त सल्फ्युरिक ॲसिड असतं. बॅटरीचं काम करणाऱ्या एका काकांची खाकी पँट मी पाहिली आहे. संध्याकाळी तिच्यावर डागसुद्धा नव्हता. धुऊन दोरीवर टाकली तेव्हा मांडीवर चाळणी झालेली. तेच डोळ्यात उडालं तर किमान 15 मिनिटं नळाखाली डोळा धरायचा आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी, डोळ्यासाठी कधीच नाही.

सोड्यानं ॲसिड मरतं, त्यातलं शिसं मात्र जिथल्या तिथे राहतं. म्हणून ते धुण्याचं पाणी गटारात सोडायचं नाही.

लिथियम बॅटरीत हे ॲसिड नाही, रोजच्या चार्जिंगला हायड्रोजनही नाही. पण ठेचलेला किंवा बिघडलेला सेल स्वतःच तापत जातो, विषारी वायू सोडतो आणि विझल्यावर काही तासांनी पुन्हा पेटू शकतो.

मला सगळ्यात जास्त छळते ती एक समजूत: ‘भंगारात दिली म्हणजे रिसायकल झाली.’ लेड-ॲसिड बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, म्हणून तिला भाव चांगला येतो. पण अनेकदा उघड्या अंगणात ती फोडली जाते, ॲसिड मातीत ओतलं जातं, शिसं भट्टीत वितळवलं जातं. ती धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरात शिरते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या वाढत्या मेंदूचं नुकसान भरून येत नाही. भारताचे 2022 चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम औद्योगिक बॅटऱ्यांनाही लागू आहेत आणि त्यांत रिसायकलरला नोंदणी लागते. तेव्हा जुनी बॅटरी उचलायला टेम्पो दारात आला की किलोचा भाव विचारण्याआधी रिसायकलरचं नोंदणी प्रमाणपत्र मागा.