हॅलो, मी डोंबिवलीहून बोलतेय!

बालदोस्तांनो, तुमच्या घराचा पत्ता तुम्हाला पाठ आहे का? "हो! त्यात काय मोठंसं?" असंच म्हणाल तुम्ही. मग आत्ता, वाचता वाचता थांबा आणि मोठ्याने सांगून बघा.

"स्टेशनजवळ, देवळाच्या मागे" हा काही पत्ता नव्हे हं! डोंबिवली स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पसरलीय. पूर्व की पश्चिम हे सांगितलं नाही, तर येणारी गाडी रुळांच्या भलत्याच बाजूला जायची. आणि नुसतं "शिवाजी चौक" म्हणाल, तर तो कल्याणलाही आहे आणि इतर कितीतरी गावांत आहे!

एरवी पत्ता चुकला, तर फार तर पाहुणे उशिरा पोचतात. पण घरात आजी चक्कर येऊन पडलीय, हाक मारली तरी बोलत नाहीय, अशा वेळी पत्ता चुकला तर?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या पुष्कळ घरांत आई-बाबा दोघंही सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात. दुपारी घरी असतात आजी-आजोबा आणि शाळेतून आलेली तुम्ही मुलं. बाबांना फोन लावला, तरी त्यांना घरी पोचायला तास-दीड तास हवाच. म्हणून अशा वेळी शेजारच्या काकूंना मोठ्याने हाक मारायची आणि लगेच मदतीचा फोन करायचा. आई-बाबांना फोन त्यानंतर!

कोणता नंबर? एकच लक्षात ठेवा : ११२. आपल्या राज्यात ही सेवा २०२१ साली सुरू झाली. पोलीस, आग, आजारपण, काहीही असो, हा नंबर चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. ती सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आगीसाठी १०१. मुलांना कुणी त्रास देत असेल, मूल हरवलं असेल, तर १०९८. हा मुलांचा नंबर १९९६ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या जेरू बिलिमोरिया यांनी तो सुरू केला.

असा लक्षात राहणारा नंबर हवा, हे जगाला कसं सुचलं, ठाऊक आहे? १९३५ साली लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. समोरच्या माणसाने टेलिफोन एक्स्चेंजला फोन केला, पण त्याचा फोन रांगेतच अडकून राहिला! त्या आगीत पाच जणी दगावल्या. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा नंबर सुरू झाला. संकटातल्या माणसाचा फोन इतर फोनांच्या रांगेत अडकू नये, म्हणून!

आता एक गंमत. तुम्ही डोंबिवलीहून ११२ फिरवलात, तरी फोन डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. साऱ्या महाराष्ट्राचे फोन नवी मुंबईतल्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातात. तिथून निरोप आपल्या भागाच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे येतो आणि मग जवळची गाडी निघते. म्हणजे फोन घेणाऱ्या ताईने किंवा दादाने तुमची गल्ली कधी पाहिलेलीही नसेल. म्हणून गावाचं नाव आधी!

माझ्या तिसरीच्या वर्गात आम्ही हा खेळ खेळतो. एकजण केंद्रातली ताई, दुसरा फोन करणारा. फोन पुठ्ठ्याचा. खरा नंबर खेळात कधीच फिरवायचा नाही! सुरुवातीला मुलं काय बोलतात? "लवकर या, लवकर या!" आणि फोन ठेवून देतात. मग बाकीचा वर्ग ओरडतो, "अरे, पण कुठे या?" दोन-चार दिवसांत मात्र सगळ्यांना क्रम पाठ होतो :

१. कुठे? "डोंबिवली पूर्व", मग रस्ता, इमारत, मजला आणि जवळची ठळक खूण.

२. काय झालं? "आजी पडलीय, बोलत नाहीय."

३. कोण बोलतंय? आपलं नाव आणि फोन नंबर.

४. ते विचारतील तेवढंच सांगायचं. श्वास चालू आहे का, घरात कोण आहे, असं विचारतील.

५. ते "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

एका मुलीने विचारलं, "बाई, आई-बाबांचा मोबाइल लॉक असेल तर?" छान प्रश्न! लॉक असलेल्या पडद्यावरही 'इमर्जन्सी' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं, की ११२ फिरवता येतो. आज घरी ते कुठे दिसतं, एवढं बघून ठेवा. फिरवू मात्र नका.

आणि रस्त्यात असाल तर? दुकानांच्या पाट्या वाचा. बहुतेक पाट्यांवर पत्ता असतो!

आग लागली किंवा गॅसचा वास आला, तर आधी घराबाहेर पडायचं आणि मग फोन. गॅसचा वास येताना दिव्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, फोनही आत वापरायचा नाही. ठिणगीने भडका उडू शकतो. वह्या, खेळणी आणायला परत आत जायचं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी कारखान्यात मोठे स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळा मे महिना, शाळेला सुट्टी! असा आवाज आला, तर काय झालं ते बघायला खिडकीशी धावायचं नाही. खिडकीपासून लांब व्हायचं.

फोन झाला, की कुणाला तरी इमारतीच्या फाटकाशी उभं करा. गाडीला वाट दाखवणारा माणूस असला, की शोधाशोध वाचते.

आणि हो, गंमत म्हणून हा नंबर फिरवणं म्हणजे खऱ्या संकटातल्या कुणाची तरी वेळ खाणं. चुकून लागलाच, तर घाबरून कापू नका. "चुकून लागला, सगळं ठीक आहे," असं सांगा. कुणी रागावणार नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात ना? मग आजच एक कागद घ्या. ठळक अक्षरांत ११२ लिहा, खाली गावाच्या नावापासून मजल्यापर्यंत पूर्ण पत्ता आणि आई-बाबांचे नंबर. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, पण धाकट्या भावंडाचे डोळे पोचतील इतक्या उंचीवर!