मुलांच्या हाती माती

भिलाईचे नाव घेताच डोळ्यांपुढे पोलाद उभे राहते. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली. परंतु त्याच छत्तीसगढी भूमीत श्रावण अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, मुले मातीच्या चाकांचा नांदिया बैल ओढतात आणि मुली मातीच्या जात्या-चुलीशी खेळतात.

यंदा हा बैल विकत न आणता मुलांकडूनच करवून घ्यावा. चाळलेली चिकणमाती रात्रभर भिजवून चांगली मळावी. पाय जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ चिखल लावावा. खेळणे सावलीतच वाळवावे. उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात.

माती न मिळाल्यास दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल व बेताने पाणी घालून गोळा मळावा. हळदीने त्यास पिवळा रंग येतो. मिठामुळे तो लवकर बिघडत नाही. मात्र त्याच मिठामुळे मूल तो तोंडात घालणार नाही, याची दक्षता घ्यावी.

आणि एक विनंती. बैलाचे शिंग वाकडे झाले, तरी आपण ते सरळ करू नये. आपला हात लागताच तो बैल आपला होतो; मुलाचा राहत नाही.