विद्यापीठ आपल्या लेकींचंही आहे

विद्यापीठ म्हटलं की आपल्याला वाटतं, ते तिकडं पुण्यात, शिकल्या-सवरलेल्यांचं. पण जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचरची महाविद्यालयं ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. ज्यांना शाळेचं दार बंद होतं, त्यांच्यासाठीच सावित्रीबाई झिजल्या. मग आहुप्याची, हातवीजची लेक तिथं पोचायला नको का?

बारावीनंतर मुलगी घरी बसते, तेव्हा कारणं बहुधा तीन असतात. पैसा, राहण्याची सोय आणि कागद. एकेक पाहू.

आधी पैसा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या ज्या घरांचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तिथल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला, तर माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा.

दुसरी गोष्ट राहण्याची. आदिवासी मुलींसाठी सरकारी वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजनेतून जेवण-राहण्याचे पैसे मुलीच्या खात्यात येतात. चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

तिसरी गोष्ट कागदांची. जातीचा दाखला असला म्हणजे झालं, असं नाही. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेशासाठी जात पडताळणीही लागते, आणि तिला वेळ लागतो. म्हणून मुलगी अकरावीत गेली की महाविद्यालयातून तो अर्ज करून टाका. निकालाची वाट पाहू नका.

आता दुसरी बाजू. लेक विद्यापीठात जाते, तसं विद्यापीठही गावात येतं. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलंमुली सात दिवसांच्या शिबिराला येतात. आपण त्यांच्या हातात झाडू-फावडं देतो. ते असू द्या. पण गटातून आणखी दोन कामं सांगा. एक, गावातल्या मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला लावा. दोन, हिरडा कधी तोडावा, कसा वाळवावा, कोणती रानभाजी कशी शिजवावी, हे आपल्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकून लिहून घ्यायला सांगा. हेही ज्ञानच आहे. ते ऐकून गेलेली मुलं वर्गातल्या डोंगरच्या पोरीला अडाणी समजणार नाहीत.

सगळ्यांना सामावून घेणं म्हणजे नुसता प्रवेश देणं नाही. आलेली मुलगी मान वर करून तिथं टिकली पाहिजे.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक यादी करा. यंदा अकरावी-बारावीला कोणाच्या मुली आहेत आणि कोणाचा कोणता कागद राहिला आहे? ज्या घरी लग्नाची बोलणी चालली असतील, तिथं आधी जा.